रकाना क्रमांक १४ : इतर

३ जून २०२४, सोमवार

भांडुप पश्चिम. रिक्षा टेकडीच्या पायथ्याशी सोडली, पुढे सगळ्या पायऱ्या. काम आजपासून सुरू.

दवाखान्याच्या रजिस्टरात 'बीपी' म्हणून नोंद असलेली, पण तीन महिन्यांहून जास्त काळ गोळ्या न्यायला न आलेली माणसं गेली कुठे, एवढाच प्रश्न आहे. घर शोधायचं, बीपी मोजायचं, गोळी चालू आहे का विचारायचं. नसेल तर का नाही, ते फॉर्मच्या चौदाव्या रकान्यात. पर्याय पाच : विसरले, परवडत नाही, बरं वाटतं म्हणून सोडली, गोळीचा त्रास होतो, इतर. हे पर्याय मीच ठरवले, कॉलेजच्या वाचनालयात पंख्याखाली बसून. सरांनी एक नजर टाकली आणि 'चालेल' म्हणाले.

सोबत दोघी आरोग्य सेविका. एक वीस वर्षांहून जास्त याच वस्तीत फिरलेल्या, त्यांना मी मोठ्या ताई म्हणते. दुसऱ्या दोन वर्षांपूर्वी लागलेल्या, त्या धाकट्या ताई. दोघी मला मॅडम म्हणतात. नको म्हणून सांगून पाहिलं, उपयोग नाही.

रजिस्टरातले पत्ते असे : 'मारुतीच्या देवळामागे', 'टाकीजवळ', 'मामांची चाळ', 'पिंपळ'. मोबाइल नंबर बहुतेकांच्या मुलाचे, आणि मुलगा लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेलेला. टेकडीवर पिंपळ किती आहेत विचारलं. मोठ्या ताई म्हणाल्या, "आता दोन. रजिस्टर लिहिलं तेव्हा तीन होते."

६ जून, गुरुवार

मोजमापाचं प्रशिक्षण, आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत. पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड हृदयाच्या उंचीला, खाली आधार. पट्टा उघड्या दंडावर, ब्लाउजच्या बाहीवर नाही. मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट. अर्ध्या तासात चहा, तंबाखू नको.

धाकट्या ताई तंबाखूवर थांबल्या. "आणि मिश्री?" मिश्री तंबाखूचीच, म्हणजे तीही नको. "मग सकाळी नको जायला. सकाळी सगळ्याजणी मिश्री लावून बसलेल्या असतात." वेळ साडेदहानंतरची ठरली. हा मुद्दा माझ्या कागदावर नव्हता.

पाच मिनिटं बसवायचं म्हणजे नेमकं कुठे, यावरही चर्चा. दहा बाय बाराच्या खोलीत खुर्ची एक, तीही पाहुण्याला, म्हणजे आम्हालाच मिळते. रुग्ण जमिनीवर मांडी घालून. शेवटी घडीचं प्लॅस्टिक स्टूल सोबत न्यायचं आणि पाठ भिंतीला टेकवायची.

यादीत आणखी एक नियम होता : मोजण्याआधी लघवीला जाऊन यायला सांगायचं. मूत्राशय भरलेलं असलं की बीपी वर दाखवतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मोठ्या ताई म्हणाल्या, "मॅडम, वरच्या आळीतून खाली शौचालयापर्यंत जायचं आणि परत चढून यायचं, मग काय बीपी मोजणार तुम्ही?" बरोबरच होतं. तो नियम पेनने खोडला आणि पुढे गेलो.

१२ जून, बुधवार

पहिले दहा दिवस माणसं शोधण्यातच. आजच्या नावांपैकी एक खोली भाड्याने दिलेली. एक बाई गावी, 'पेरणी झाली की येईल'. एक काका घरीच, गोळी नियमित, फक्त दवाखान्यातून नाही. नाक्यावरच्या मेडिकलमधून आणतात, कारण तो रात्री दहापर्यंत उघडा असतो. रजिस्टरच्या भाषेत हे काका बेपत्ता.

आणि एका दारात एका आजोबांना भेटायला म्हणून गेलो, तर भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो. आमच्या कागदावर ते अजून 'गैरहजर'. सुनेने पाणी दिलं. फॉर्म पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

२१ जून, शुक्रवार

मिठाचा प्रश्न फसला. 'जेवणात मीठ जास्त घेता का?' याला आजवर सगळ्यांचं उत्तर एकच : "छे, बेताचंच." आज मोठ्या ताईंनी मला न विचारताच प्रश्न बदलला. "मिठाचा पुडा कधी आणलास गं? आणि संपतो कधी?"

एका घरात चार माणसं, किलोचा पुडा महिन्याला. म्हणजे माणशी दिवसाला आठ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना पाच ग्रॅमच्या आत म्हणते. शिवाय पुड्याबाहेरचं मीठ वेगळंच : लोणचं, पापड, फरसाण. आणि सध्या सुकं मच्छी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे कोकणातल्या घरांत ताज्याच्या जागी सुकट, बोंबील, खारा बांगडा. एका आजींनी डबा उघडून दाखवला, झाकण काढताच खोलीभर वास. "बस गो बाय, जेवनच जा. बांगडो भाजतंय." त्यांचं बीपी १७२/९८. जेवलो नाही, पण मोह झाला होता, हे इथे लिहून ठेवते.

प्रश्न बदलून घेतला. पुड्याचा हिशोब, शिवाय सुकं किती वेळा. आणि जून-जुलैत विचारलेलं उत्तर वर्षभराचं धरायचं नाही, अशी टीप.

४ जुलै, गुरुवार

दारोदार कुलुपं. 'लाडकी बहीण'ची घोषणा होऊन आठवडाही झाला नाही, आणि सगळ्या वस्तीच्या बायका कागद गोळा करायला बाहेर. आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, दाखले. झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग वळून थेट पायऱ्यांवर आलेली. अंगणवाडी ताई दिसल्या, त्यांना माझ्याशी बोलायला दोन मिनिटंही नव्हती.

ज्या भेटल्या, त्यांच्याशीही नवीन घोळ. आमच्या फॉर्ममध्ये कुटुंबाचं उत्पन्न विचारलेलं आहे, आणि योजनेची अट आहे वर्षाला अडीच लाखांच्या आत. तीन दिवसांत सगळी उत्तरं अडीच लाखांच्या खाली, आणि आम्ही फॉर्म मिटला तरी विचारणा : "मग आमचं नाव लागलं ना?" नाही हो, हे वेगळं आहे, हे बीपीचं आहे. "पण सरकारीच ना?" कॉलेजचं आहे. "कॉलेज सरकारीच ना?"

संमतिपत्र मी दुप्पट सावकाश वाचून दाखवायला लागले आहे. पैसे मिळणार नाहीत, नाव कुठे जाणार नाही, नाही म्हटलं तरी दवाखान्यात काही फरक पडणार नाही. तरीही एका मावशींनी सही करताना हळूच विचारलं, "दीड हजार कधीपास्न?" १ जुलैनंतरच्या उत्पन्नाच्या नोंदी वेगळ्या रंगाने रंगवल्या.

८ जुलै, सोमवार

क्षेत्रभेट नाही. रात्रभर कोसळला, भांडुप-नाहूरला रुळांवर पाणी, मध्य रेल्वे ठप्प. ठाण्याहून निघालेच नाही. मोठ्या ताईंचा सकाळी सहाला फोन : "येऊ नका. वरच्या आळीत माती सुटतेय, पोरांना शाळेत हलवलंय." अशा पावसात टेकडीवर झोप कुणाला लागत नाही. १८ जुलै २०२१ची रात्र कुणीच विसरलेलं नाही. चेंबूरला आणि विक्रोळीला भिंती आणि दरडी घरांवर आल्या होत्या. पाऊस वाढला की इथली माणसं छपराकडे न बघता मागच्या भिंतीकडे बघतात.

घरी बसून जुनं वाचन पुन्हा काढलं. ज्युलियन ट्यूडर हार्ट, वेल्समधल्या ग्लिनकोरोग या खाणकामगारांच्या गावातला डॉक्टर. १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याने मांडलं की जिथे गरज जास्त तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी. हे त्याचं वाक्य जगभर गेलं. मला त्याचं दुसरं काम जास्त आवडतं : आपल्याकडे नोंदवलेल्या गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचं बीपी त्याने मोजलं. आजारी म्हणून आलेल्यांचं तर मोजलंच, न आलेल्यांचंही मोजलं.

बीपीच्या अभ्यासात एक जुना ठोकताळा आहे, निम्म्यांचा. ज्यांना बीपी आहे त्यांतल्या निम्म्यांना माहीत असतं, माहीत असलेल्यांतले निम्मे उपचार घेतात, घेणाऱ्यांतल्या निम्म्यांचं आटोक्यात असतं. म्हणजे शेवटी आठात एक. आकडे गावोगाव बदलतात, पण गाळणी तीच. आपली यादी दुसऱ्या गाळणीपाशी सुरू होते. ज्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, त्यांच्या दारावरून आपण रोज छत्री सांभाळत पुढे जातो. त्यांचं बीपी मोजणं या प्रकल्पात बसत नाही. तरी मागितलं तर मोजून द्यायचं, असं आम्ही तिघींनी ठरवलंय. वेगळ्या वहीत.

१५ जुलै, सोमवार

नोंदी तपासताना काहीतरी विचित्र दिसलं. वरच्या आकड्याचा, म्हणजे सिस्टॉलिकचा, शेवटचा अंक मोजत होते. मशीन डिजिटल आहे, तेव्हा ० ते ९ सगळे अंक साधारण सारखे यायला हवेत. पाऱ्याच्या यंत्रावर माणसं शून्याकडे झुकतात, १४०, १३०, असं. धाकट्या ताईंच्या जूनअखेरपासूनच्या नोंदींत शेवटी ढिगाने शून्य. घरी बसून भरल्यात, हा पहिला विचार.

तो विचार मी मनात ठेवायला हवा होता. ठेवला नाही. आमच्या तिघींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'कृपया प्रत्यक्ष मोजूनच आकडे भरावेत.' दोन निळ्या टिका आल्या, उत्तर कुणाचंच नाही.

१८ जुलै, गुरुवार

आषाढी काल झाली, साबुदाण्याची खिचडी डब्यात अजून होती, मोठ्या ताईंनी वाढली. धाकट्या ताई माझ्याकडे बघत नव्हत्या.

जेवण झाल्यावर मी पुन्हा आकडे काढले. शून्यांचा ढीग खरा. पण शून्य नाहीत तिथे फक्त १ आणि ७. दुसरा अंकच नाही. बनवून लिहिणारा माणूस असं कशाला लिहील? तो ५ लिहील, ८ लिहील. मशीन मागितलं, माझ्याच दंडाला पट्टा लावला. पडद्यावर ११ आणि पुढे एक मोडकी आकृती : वर रेघ, खाली रेघ, मधलं गायब.

या पडद्यांवर इंग्रजी आकडा सात छोट्या रेघांनी बनतो. शेवटच्या घरातली मधली आडवी रेघ मेली होती. मधली रेघ गेली की आठचं शून्य होतं. दोन, तीन, पाच, सहा यांचं काहीच होत नाही, नुसत्या काड्या उरतात. फक्त शून्य, एक आणि सात यांना मधली रेघ लागत नाही, म्हणून तेवढेच धड. धाकट्या ताई जे वाचता येईल ते लिहीत होत्या, वाचता न येणाऱ्याला शून्य.

"पावसात पडलं होतं ते," त्या म्हणाल्या. "सांगणार होते. पण मशीनचे पैसे कापतील वाटलं."

सगळ्यांसमोर लिहिलं होतं, म्हणून माफीही ग्रुपवरच मागितली. पैसे कापायचा प्रश्न नाही, हेही लिहिलं. त्या मशीनच्या सगळ्या नोंदी बाद. १३० लिहिलंय तिथे १३८ असू शकतं. तेवढी घरं परत करायची. मोठ्या ताई फक्त एवढंच म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या वेळी आधी मशीन बघा, मग माणूस."

२८ जुलै, रविवार

रविवारी मुद्दाम आले. यादीतली एक बाई तीन वेळा गेलो तरी घरी नव्हती, घरकामाला जाते. वय पंचेचाळीसच्या आसपास. नाव इथे लिहीत नाही.

वरची आळी. खोलीला पोटमाळा, शिडी, शिडीखाली मिक्सर आणि देव्हारा. मुलगी दहावीला, माळ्यावर अभ्यास करत होती. स्टुलावर बसवलं, पाच मिनिटं, दोनदा मोजलं. १५८/९६, मग १५४/९४. गोळी चालू आहे का विचारलं. "आहे ना," म्हणाली, आणि देव्हाऱ्यामागून स्टीलचा डबा काढला. सुया, बटणं, रेशन कार्ड, आणि गोळ्यांच्या तीन पट्ट्या. दोन भरलेल्या. तिसरीला चार भोकं.

महिन्याला चार. मी पट्टी हातात धरून बसले. मोठ्या ताईंनी विचारलं, "कधी कधी घेतेस?"

"रविवारी."

केसपेपरवर वाचलं. आधी तिला अ‍ॅम्लोडिपिन होती, तिने घोटे सुजले. दिवसभर उभ्याचं काम, चप्पल चढेना. मग डॉक्टरांनी बदलून क्लोरथॅलिडोन दिली, लघवी वाढवणारी. कागदावर निर्णय चुकीचा नाही. मीही तेच केलं असतं.

तिने आवाज उतरवला, माळ्याकडे बघत. "ही घेतली की सारखं जायला लागतं. सकाळी सहाला मी निघते. चार घरं करते, दुपारचे दोन वाजतात."

मी विचारलं, कामाच्या घरी बाथरूम वापरू देत नाहीत का. ती हसली. "घासायला देतात की. घासायचं आपण, वापरायचं त्यांनी."

मग रात्री घ्यायची. तिने हनुवटीनेच दार दाखवलं. बाहेर पायऱ्या, शेवाळलेल्या, खाली वळणावर शौचालय. बारानंतर वळणावरचा दिवा बंद असतो, पत्ते खेळणारी पोरं मात्र असतात. "एकटी जात नाही. हिला उठवायला लागतं. दोनदा उठवलं तर ही दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते. बोर्डाचं वर्ष आहे."

रविवारी कामं नाहीत. उजेड असतो, हवं तेवढ्या वेळा जाता येतं. म्हणून रविवारची गोळी. "एक दिवस का होईना, धरते," म्हणाली, सोमवार धरावा तसं. आणि बाकीचे सहा दिवस? पाणीच कमी पिते. कामावर निघताना अर्धा कप चहा, मग थेट दोनला घरी येऊन पाणी. जुलै ठीक आहे, मे महिन्यात हेच.

फॉर्म मांडीवर होता. चौदावा रकाना. विसरली? नाही, आठवणीने रविवारी घेते. परवडत नाही? फुकट मिळते. बरं वाटतं? डोकं जड असतं म्हणते. गोळीचा त्रास? गोळी तर तिला जे करायला सांगितलंय तेच करते आहे. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढची ओळ रिकामी ठेवली. ६ जूनला खोडलेला नियम आठवला. लघवीला जाऊन यायला सांगता येत नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि आम्ही तो नियमच खोडून मोकळे झालो.

उतरताना पाय घसरला, मोठ्या ताईंनी दंड धरला.

३० जुलै, मंगळवार

आजवरचे सगळे 'इतर' बाहेर काढले. ताईंनी रिकाम्या ओळीत लिहिलेले शब्द : 'गावी', 'लांब', 'पाणी', 'वेळ नाही', 'लघवीचा त्रास', 'बाथरूम', 'खाली जावं लागतं'. संगणकावर भरताना यातल्या बऱ्याचशा ओळी मी सांकेतिक क्रमांक ९९ टाकून मिटवल्या होत्या. 'बाथरूम' लिहिलेल्या दोन ठिकाणी मी 'मूत्रविकार' असं नोंदवलं आहे. म्हणजे वस्तीत शौचालय दूर आहे, आणि मी आजार लावला त्या बायकांना.

'पाणी'चा अर्थ मोठ्या ताईंना विचारला. पाणी यायची वेळ आणि दवाखान्याची वेळ एकच. टेकडीच्या पलीकडे भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल, मुंबईचं बरंचसं पाणी तिथून जातं. इकडच्या उतारावर हंडे नंबरात.

ज्यांच्या केसपेपरवर लघवीची गोळी आहे आणि ज्या 'अनियमित' आहेत, त्यांच्याकडे परत जायचं. बायकांकडे फक्त बायकांनी, आणि घरातली इतर माणसं नसताना.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटले. ओपीडी संपेपर्यंत बाकावर बसले, रांग दारापर्यंत होती. माणूस चांगला आहे, थकलेला आहे. रविवारच्या गोळीची गोष्ट सांगितल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला कधी कुणी सांगितलं नाही." मी म्हटलं, विचारलं असतं तर सांगितलं असतं का? "या खोलीत? मागे चार पुरुष रांगेत उभे असताना?" त्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

मार्ग आहे. टेल्मिसार्टन या बीपीच्या तिसऱ्या गोळीने घोटेही सुजत नाहीत आणि लघवीही वाढत नाही. पण मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे बघायला रक्त तपासावं लागतं, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. दिवस राहण्याची शक्यता असेल तर देता येत नाही, तेही विचारावं लागतं. आणि मध्ये साठा संपला होता म्हणून त्यांनी ती लिहिणंच सोडलं होतं. आता आली आहे. "पाठवा त्यांना. पण कधी येणार त्या? दोनला सुटतात, मी चारला उठतो, मध्ये त्यांचा स्वयंपाक."

संध्याकाळी सरांना फोन. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "हे आपल्या उद्दिष्टात नाही." तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. नवा प्रश्न घालायचा तर संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती पाठवावी लागेल, म्हणजे काही आठवडे गेलेच. मी म्हटलं, माणसं गोळी का सोडतात हेच आपलं उद्दिष्ट आहे ना? थोडं थांबून म्हणाले, "मसुदा पाठव." हा होकार धरला आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. दुरुस्तीचा मसुदा पाठवला. लाडक्या बहिणीचे पहिले पैसे जमा झालेत, वस्ती खुशीत. "मॅडम, तुमच्या फॉर्ममुळेच आलं असेल," एक मावशी. पेढा घेतला. संशोधनाच्या शिस्तीत बसतं की नाही ठाऊक नाही, पण पेढा नाकारायची माझी तयारी नव्हती.

३ सप्टेंबर, मंगळवार

७ तारखेला गणपती. निम्मी टेकडी या आठवड्यात कोकणात जाणार. कुणी एसटी, कुणी दिवा स्टेशनहून गाडीत चेंगरत. गोळ्या एका वेळी महिन्याच्या मिळतात, आणि ज्यांची तारीख १०-१२ला येते त्यांच्या गणपतीतच संपणार. दवाखान्याने आधी द्यायचं मान्य केलं, यादी आम्ही दिली. धाकट्या ताईंनी दोन दिवसांत घरोघर निरोप दिले.

त्यांची शक्कल पाहण्यासारखी. गोळ्यांची पाकिटं त्या बायकांना पिशवीत भरू देत नाहीत. उदबत्ती, कापूर, जानवं, सुपारी यांच्या पुड्यात ठेवायला लावतात. "बॅग उघडायला उशीर होईल, पूजेचा पुडा पहिल्या सकाळीच उघडतात." हे मला सुचलं नसतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

विसर्जन होऊन तीन दिवस, पितृपक्ष लागला. माणसं परतली आहेत, घसे बसलेले, ढोलताशाने आणि खोकल्याने.

रविवारच्या गोळीवाल्या बाईंकडे संध्याकाळी गेले. ऑगस्टअखेर तिने एका घरची सुट्टी घेतली, रक्त दिलं, गोळी बदलून मिळाली. त्या सुट्टीचे पैसे कापले गेले, हे तिने सांगितलं तेव्हा माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. डबा तिने आपणहून काढला. पट्टीवर सगळी भोकं ओळीत.

१४६/९०, मग १४२/८८. आधीपेक्षा कमी, पण अजून आटोक्यात नाही. डोस वाढवावा लागेल, त्यासाठी पुन्हा एक सुट्टी. आणि पाणी? "सवय गेली आता," म्हणाली. "तहान लागतच नाही." गोळी बदलून ही गोष्ट बदललेली नाही. दुपारी दोनपर्यंत ती अजूनही अर्ध्या कप चहावर.

मुलगी माळ्यावरून डोकावून म्हणाली, "आई आता रात्री उठवत नाही." आणि परत पुस्तकात.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

एथिक्स कमिटीचं पत्र आलं, दुरुस्ती मंजूर. चौदाव्या रकान्याचे पर्याय पाचांचे नऊ झाले. 'इतर' ठेवलाय, पण खाली तीन रिकाम्या ओळी आणि कंसात सूचना : बाईच्याच शब्दांत लिहावे. संगणकावर ९९ टाकण्याआधी ताईंना वाचून दाखवायचं, असं मी स्वतःपुरतं ठरवलंय.

नवा पंधरावा प्रश्न : घरापासून शौचालयापर्यंत किती पायऱ्या? रात्री सोबत लागते का? दिवसा कामाच्या ठिकाणी सोय आहे का?

झेरॉक्स काढण्याआधी मसुदा दोघींना दाखवला. धाकट्या ताईंनी मान डोलावली. मोठ्या ताईंनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "पायऱ्या उतरायच्या की चढायच्या, ते लिहा. खालच्या आळीवाल्यांचं शौचालय वर आहे. नाहीतर आकडा तोच येईल आणि तुम्ही परत माझ्याकडेच विचारायला याल."

लिहिलं. नवे पट्टे दोन आकारांचे, बॅटऱ्या आणि एक नवं मशीन सोमवारी.